खिडकीकडे पाठ

३ सप्टेंबर

धाकट्या,

आशीर्वाद. मोठ्या भावाने पत्राच्या सुरुवातीला लिहायचा असतो म्हणून लिहिला. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

फोन तू उचलत नाहीस. वाजून वाजून तोच कंटाळतो. म्हणून म्हटलं, पत्र लिहू. पत्राला निदान दारातून परत पाठवता येत नाही.

काम असं आहे. चिमीचं लग्न ठरलंय. हो, तुझीच पुतणी, जिला तू स्टुडिओच्या पडद्यामागे लपवायचास आणि मला येऊन सांगायचास, ‘दादा, मॉडेल पळालं.’ मुलगा बरा आहे. पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे, बोलतो कमी, आणि नाक सरळ असल्यामुळे फोटोत नीट येतो. लग्न डिसेंबरात. हॉलमध्ये दोन घरची माणसं, रजिस्टरवर सह्या, मग जेवण. फोटो तू काढायचेस.

हे मी म्हणत नाहीये, तुझी वहिनी म्हणते. मी आपला इथल्या फोटोग्राफरांकडे चक्कर मारून आलो होतो. एकजण म्हणाला, ‘काका, आम्ही आधी लग्नाचा टीझर काढतो.’ मी म्हटलं, बाबा रे, लग्न हाच टीझर असतो, सिनेमा पुढे जन्मभर चालतो. दुसऱ्याच्या अल्बममध्ये सगळ्या बायकांचे गाल सोललेल्या अंड्यासारखे. आजी आणि नात ओळखू येईना. तिसऱ्याकडे गेलोच नाही. घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं तर तुझी वहिनी म्हणाली, ‘मग भावजींना बोलवा.’ मी म्हटलं, तो येणार नाही. ती म्हणाली, ‘बोलावून तर बघा, की तेवढ्यानेही तुमच्या टोपीचा तुरा पडतो?’

तर बोलावतोय.

अटी तुला माहीत आहेत, तरी लिहितो, कारण माहीत असलेली गोष्ट तू करशीलच असं नाही. फ्लॅश नाही. दिवे नाहीत. फक्त खिडकीचा उजेड. काढलेले सगळे फोटो मूळ प्रतीत माझ्याकडे द्यायचे, काळे-पांढरे मी करणार. हॉल मी स्वतः बघून घेतलाय. पश्चिमेला तीन उंच खिडक्या आहेत, दुपार कलली की ऊन आडवं येतं आणि समोरच्या भिंतीवर पसरतं. भिंतीचा टोनही अगदी मनासारखा, ना फार उजळ ना फार गडद. माणसांना खिडकीकडे तोंड करून उभं करायचं, बाकी खिडकी बघून घेते. मॅनेजर मला पंखे, खुर्च्या, वाहनतळ दाखवत होता आणि मी भिंतीकडे बघत उभा. त्याला वाटलं असेल, म्हातारा चळला.

खरं सांगू? मला हल्ली रंग दिसतच नाहीत. इतकी वर्षं डोळ्यांना तशी शिस्त लावली की माणूस समोर आला की शर्ट लाल की निळा ते मला सांगता येत नाही. कपाळावर उजेड किती, हनुवटीखाली सावली किती, एवढंच कळतं. लोक याला दोष म्हणतील. मी याला कमाई म्हणतो.

वहिनीची तब्येत जरा नरम आहे. पोटाचं काहीतरी. काळजीचं कारण नाही.

कळव.

दादा

१९ सप्टेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा तर सुंभही शाबूत आहे.

लग्न अलीकडे घेतलंय. १८ ऑक्टोबर. मुलाकडच्यांची सोय. हॉल तोच मिळाला, हे नशीब.

तुझी वहिनी विचारत होती की पहिल्या पत्रात काय लिहिलंत. मी कच्चा कागद दाखवला. वाचून म्हणाली, ‘अहो, हे आमंत्रण आहे की कोर्टाची नोटीस?’ मग म्हणाली, ‘त्या भांडणाबद्दल एक ओळ तरी लिहायची.’

तर ही घे ओळ. तू माझ्याबरोबर काम करत होतास आणि मी फ्लॅश वापरत नाही हे तुला ठाऊक होतं. त्या लग्नात संध्याकाळी नवरीची आजी नातीचा चेहरा हातांत धरून उभी होती, उजेड जेमतेम होता, मी श्वास रोखून, कोपर भिंतीला टेकवून उभा होतो, आणि तू मागून वीज पाडलीस. म्हातारी दचकली, हात खाली आले, संपलं. मी तुझा फ्लॅश काढून टेबलावरच्या फुलदाणीत टाकला, हे तू जगभर सांगत फिरलास. फुलदाणीत पाणी होतं हे मला माहीत नव्हतं. फुलं आहेत म्हटल्यावर पाणी असणारच, असं तुझी वहिनी म्हणते. तिचं ऐकायला बसलो तर दिवस पुरणार नाही.

पाहुण्यांसमोर जे बोललो ते मात्र आता मला शब्दशः आठवत नाही.

त्या घरच्यांनी अल्बममध्ये तुझाच फोटो लावला. दचकलेल्या आजीचा. माझे सगळे काळोखात गेले होते. हे तुला कळलं नसेल म्हणून लिहिलं. आता यावरून नाकाने कांदे सोलू नकोस.

वहिनीचं जेवण कमी झालंय. तपासण्या चालू आहेत.

अठरा तारीख लक्षात ठेव.

दादा

४ ऑक्टोबर

धाकट्या,

मुलाकडच्यांची सोय वगैरे काही नव्हती. लग्न तुझ्या वहिनीसाठी अलीकडे घेतलंय. डिसेंबरचं कोणी सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या ‘डिसेंबर’ म्हणाल्या आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे ठेवला.

पोटात गाठ आहे. ती पित्ताची नळी दाबून बसलीय, त्यामुळे कावीळ. दुखलं नाही, खुपलं नाही, नुसता रंग बदलत गेला.

चिमीने पकडलं. ती नोकरीच्या गावाहून घरी आली, दारातच आईला बघितलं आणि हातातली बॅग खाली टाकून म्हणाली, ‘आई, तुझे डोळे!’ मी आतून विचारलं, काय झालं डोळ्यांना? बाहेर येऊन बघितलं. ओसरीत भरपूर उजेड होता. डोळे पिवळे होते रे. गळा, हाताचे तळवे, सगळं. मी त्या माणसाबरोबर रोज दोन्ही वेळचं जेवतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘हा रंग कधीपासून आहे?’ तुझी वहिनी म्हणाली, न्हाणीघरातला दिवाच पिवळा आहे, आरशात मी रोज तशीच दिसते. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुमची मुलगी म्हणत होती की तुम्ही फोटोग्राफर आहात. गेल्या काही महिन्यांतले यांचे फोटो असतील ना? त्यावरून अंदाज येईल.’

असतील ना! तुला रविवार आठवतो? सकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, मी भिंगं पुसतो, उजेड तपासतो आणि तिचे दोन-चार फोटो काढतो. तू असतानाही काढायचो. तू गेल्यावर एकही रविवार चुकला नाही. पिशवीभर फोटो आहेत माझ्याकडे. आणि एकातही रंग नाही. लग्नाच्या फोटोंची मूळ प्रत रंगीत असते, तिच्यातून मी काळी-पांढरी करतो. पण रविवारचे फोटो म्हणजे घरचे, कोण जागा अडवणार, म्हणून ते कॅमेऱ्यातच काळे-पांढरे होतात. त्यात रंग उरतच नाही. उकरून काढला तरी निघत नाही. तरी मी संगणकासमोर बसून महिन्यामागून महिना उलटा बघत गेलो. डोळ्यांचा पांढरा भाग जरा गडद होत गेलाय, बस. मी त्याला सुंदर टोन म्हणत होतो. एका फोटोखाली तसं लिहूनही ठेवलंय.

दिव्याखाली अंधार म्हणतात. मी तर दिव्याचाच धंदा केला.

लवकर कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सांगता येत नाही.’ तुझी वहिनी बाहेर आल्यावर म्हणाली, ‘पुन्हा विचारायचं नाही हं. तिला बिचारीला खोटं बोलायला लावता.’

आता मुद्द्याचं. तिला चिमीबरोबर एक फोटो हवाय. रंगीत.

मी म्हटलं, काळा-पांढरा काढू, त्यात काही दिसणार नाही. तर ती माझ्यावर अशी उखडली की मी मागे सरकलो. म्हणाली, ‘काही दिसणार नाही, हेच तर! लग्न झाल्यापासून मी तुमच्या फोटोत राखाडी आहे. माझी हिरवी शाल राखाडी, चिमीचा लाल फ्रॉक राखाडी. मी काय राखेतून जन्मले? मी आजारी असेन तर आजारी दिसू दे. पिवळी तर पिवळी. पोरीला नंतर आठवेल तेव्हा खरी आई आठवू दे.’

मी म्हटलं, लोक तुझ्या तोंडाकडे बघत बसतील. अल्बम उघडला की पहिलं तेच दिसेल, सगळे गोरेगोमटे आणि मध्ये तू. मला ते बघवणार नाही.

‘तुम्हाला बघवावं म्हणून काढायचा नाहीये,’ असं म्हणून तिने कूस बदलली.

परक्या माणसासमोर या अवस्थेत ती उभी राहणार नाही. मला काढू देणार नाही, कारण मी नंतर तो राखाडी करीन अशी तिला खात्री आहे, आणि ती मला ओळखते. ती म्हणते, ‘भावजी आले तर उभी राहीन.’ तू पोरगेलासा होतास तेव्हापासून तिने तुला वाढलंय. तुझे पहिले फोटो तिचेच होते, सगळे हललेले, आणि तिने ते कपाटात जपून ठेवलेत.

एवढंच आहे. तू आलास तर तिचा फोटो होईल. नाही आलास तर होणार नाही.

दादा

११ ऑक्टोबर

धाकट्या,

काल चिमीला तुझा फोन आला. मी शेजारच्या खोलीतच होतो. मला बोलाव असं तू म्हणाला नाहीस आणि मीही उठलो नाही.

तिने सांगितलं की तू येतोयस. तू दोन गोष्टी विचारल्यास म्हणे, खिडक्या कुठल्या दिशेला आणि भिंतींचा रंग कुठला. खिडक्यांचं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. आणि भिंतीचा रंग? मी म्हटलं, हा फोटोग्राफर आहे की रंगारी? तर चिमी हसायला लागली. ‘बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? अख्खा हॉल हळदीसारखा पिवळा आहे. मी हॉल बघितला तेव्हाच तुम्हाला म्हटलं होतं, तुम्ही म्हणालात टोन छान आहे.’

घाम फुटला मला. पिवळ्या भिंतीचा उजेड चेहऱ्यावर पडला की रंगीत फोटोची काय माती होते ते शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. आधीच तिची ती अवस्था, त्यात हा हॉल. मी मॅनेजरला फोन करून विचारलं, भिंतींना पांढरे पडदे लावता येतील का. तो म्हणाला, ‘साहेब, लग्न आहे की नाटक?’

मग संध्याकाळी तुझ्या वहिनीने आणखी एक बाँब टाकला. तू माझी पत्रं वाचलीच नाहीस. ती तुझ्याशी इतकी वर्षं फोनवर बोलत होती, हेही मला कालच कळलं. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली! तिनेच तुला आजाराचं सांगितलं, तिनेच बोलावलं. माझ्या पत्रांचं विचारलं तर तू म्हणालास, ‘पाकिटं कपाटात आहेत, वहिनी. दादाचं अक्षर दिसलं की अजून पाकीट उघडवत नाही.’

मी म्हटलं, अक्षराने काय केलं त्याचं? ती म्हणाली, ‘चिठ्ठ्या आठवा.’

आठवल्या. तू काढलेल्या प्रत्येक फोटोला मी चिठ्ठी चिकटवायचो. डोकं कापलंस. हात कुठे गेला. हा उजेड म्हणायचा? पुन्हा कर. मी त्याला शिकवणं समजायचो.

म्हणजे हेही तू उघडणार नाहीस. बरंच आहे एका परीने. न उघडणाऱ्या माणसाला काहीही लिहिता येतं. मला भीती वाटतेय, धाकट्या. ती जिना चढताना मध्ये थांबते आणि मला सांगते की मी भिंतीवरचे डाग बघत होते. मला तिच्याशिवाय चहासुद्धा करता येत नाही, आणि हे मी विनोद म्हणून लिहीत नाही.

दादा

२० ऑक्टोबर

धाकट्या,

लग्न पार पडलं. तू तिथे होतास, तुला काय सांगायचं. पण तोंडाने एक अक्षर निघालं नाही, म्हणून पुन्हा कागद.

तुझे केस पांढरे झालेत. चालताना डावा खांदा खाली टाकतोस, बाबांसारखा. तू पाया पडलास आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवायच्या ऐवजी तुझ्या बॅगेकडे बघितलं, फ्लॅश आणलाय का म्हणून. तूही ते ओळखलंस. बॅग उघडून दाखवलीस. एक कॅमेरा, दोन भिंगं, एक टॉवेल. माझ्या मनात आलं, माझ्या पद्धतीने काम करायला आलाय. माझी छाती फुगली. गाढव मी.

तू सकाळपासून कोणाला ‘हसा’ म्हटलं नाहीस. व्याही सही करताना पेन झटकत होते, चिमी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगून स्वतःच लाजली, ते सगळं तू कुठूनतरी कोपऱ्यातून टिपत होतास. मला तुझ्या उभं राहण्यावरूनच कळत होतं की फोटो आला. मला हेवा वाटला, हेही लिहून टाकतो.

तुझी वहिनी हिरवी शाल पांघरून खुर्चीत बसली होती. लोक येऊन भेटत होते आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळून शालीचं कौतुक करत होते. ती मला हळूच म्हणाली, ‘शालीचा भाव वाढला आज.’

ऊन आडवं झालं, तेव्हा तू म्हणालास, ‘घरचा फोटो काढू या.’ मी सवयीने सगळ्यांना खिडकीकडे तोंड करून उभं करायला लागलो. इतक्यात तू म्हणालास, ‘दादा, उलटं. सगळ्यांनी खिडकीकडे पाठ करा. भिंतीकडे बघा.’

खिडकीकडे पाठ! मी जन्मभर लोकांना ओरडत आलो की खिडकीकडे बघा. समोर ती पिवळीधमक भिंत, तिच्यावर सगळं ऊन सांडलेलं, आणि तो पिवळेपणा थेट आमच्या तोंडावर येणार. तू त्या भिंतीला पाठ टेकवून उभा. माझ्या जिभेवर आलं होतं, की एवढी वर्षं रंगीत धंदा करून हेच शिकलास? उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव. पण तिने माझा हात धरला होता, आणि तिचा हात इतका हलका लागला की मी भिंतीकडे तोंड केलं.

‘दादा, तुम्हीही आत या. वहिनीच्या बाजूला,’ तू म्हणालास. मी घरच्या कुठल्याच फोटोत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही उभे राहिलो. ती, मी, चिमी, जावई, व्याही-विहीणबाई. तू बराच वेळ काही काढलंच नाहीस. मग तुझ्या वहिनीने विचारलं, ‘भावजी, झोप लागली का?’ आम्ही हसलो आणि तू बटण दाबलंस.

जेवून लगेच निघालास. तिच्याजवळ बसलास तेव्हा काय बोललात ते तिने मला सांगितलं नाही.

मला वाटतं, तू फोटो बिघडवलास. आणि या वेळी चिठ्ठी चिकटवायची हिंमत माझ्यात नाही.

दादा

२७ ऑक्टोबर

धाकट्या,

फोटो आले. संगणकावर उघडले. तिची खाट आता याच खोलीत आणलीय, खिडकीशी.

घरचा फोटो पहिलाच ठेवला होतास. बघितला आणि कपाळाला हात लावला. जे भय होतं तेच. सगळं पिवळं. माझं तोंड पिवळं, चिमीचं पिवळं, गोऱ्यापान विहीणबाईसुद्धा पिवळ्या. रंगाचा तोल तू दुरुस्तही केला नव्हतास, आणि ते तर तुझं एका मिनिटाचं काम. माझा हात आपोआप गेला, काळा-पांढरा करून टाकू म्हणून.

‘आधी मला दाखवा,’ ती म्हणाली.

मी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. ती बघत राहिली. मग जी हसायला लागली ती थांबेचना. खोकला आला तरी हसतेय. म्हणाली, ‘अहो, सगळ्या घरालाच कावीळ झालीय की! आता ओळखा बघू, यातलं आजारी कोण?’

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. धाकट्या, नाही ओळखता येत. ती आमच्यातच आहे. सगळ्यांच्या तोंडावर तेच ऊन आहे. मागून खिडकीचा उजेड केसांच्या कडांवर आलाय, शाल हिरवीगार आहे, आणि माझी बायको माझ्याचसारखी दिसतेय. खोटं काही नाही त्यात. ती पिवळी आहे, तिने मागितलं होतं तसंच. फक्त एकटी नाही.

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. तू जगालाच तसं उभं केलंस. भिंतीचा रंग का विचारलास ते मला आत्ता कळलं, आणि मी तुला रंगारी म्हटलं होतं.

हसून झाल्यावर ती रडली. मग म्हणाली, ‘असाच ठेवायचा. हात लावायचा नाही.’

नाही लावला.

दादा

१७ नोव्हेंबर

धाकट्या,

तू आलास. दारात उभा राहिलास, चिमीला जवळ घेतलंस, सगळं आटपेपर्यंत मागे थांबलास. नंतर चपला घालताना माझ्याकडे बघितलंस. मला म्हणायचं होतं, ‘राहा.’ तोंडातून निघालं, ‘गाडी किती वाजता आहे?’ तू वेळ सांगितलीस आणि गेलास. वेळ काय होती ते मी ऐकलंही नाही.

शेवटी तिला उजेड सोसत नव्हता. खिडकीचा पडदा मीच ओढला. जन्मभर मी पडदे बाजूला सारत आलो, आणि हे एक करायचं उरलं होतं.

तुझा फोटो चौकटीत बसवायला दिला. चौकटवाला माझा जुना माणूस. तो म्हणाला, ‘साहेब, याचा रंग बिघडलाय. तुमच्याकडून असं कसं झालं? काळा-पांढरा करून आणा, छान दिसेल.’ मी म्हटलं, माझ्याकडून नाही झालं, माझ्या भावाने काढलाय, आणि बिघडलेला नाही. तो म्हणाला, ‘तुम्हाला भाऊ आहे?’ इतकी वर्षं मी त्याच्याकडे जातो, धाकट्या.

स्टुडिओत तो एकच रंगीत फोटो आहे आता. बाकी सगळ्या भिंती माझ्या.

घर खायला उठतं. चिमी रोज फोन करते, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. चहा येतो मला आता. वाईट होतो.

हे पत्रही कपाटात जाईल. मला तुला एक गोष्ट सांगायचीय, पण ती बंद पाकिटात घालून उपयोग नाही.

दादा

३० नोव्हेंबर
(उघडं कार्ड)

धाकट्या,

पाकीट तू उघडत नाहीस, म्हणून हे कार्ड. पोस्टमनने वाचलं तरी चालेल.

आज रविवार. सवयीने खुर्ची खिडकीशी ओढली. कॅमेऱ्यातलं काळं-पांढरं बंद केलं आणि रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला. तिच्या खुर्चीतली उशी निळी आहे रे. मला माहीत नव्हतं. तिने स्वतः शिवली होती.

कपाटातली पत्रं वाचू नकोस, फाडून टाक. आतापर्यंत तुला प्रत्येक वेळी वहिनीने बोलावलं. आता मी बोलावतोय. चिठ्ठ्या लावणार नाही.

ये.

दादा